विहिरीतला डबा

१९९२ साल. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होतो. शाळा चौथीत सुटलेली, पण गावात माझ्यापुढं तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. एकटी माझी लेक तेवढी बोलायची. ती परभणीला कॉलेजात होती, तिथल्या प्रयोगशाळेत काम करायची. त्या आश्विनात पुण्याला निघाली होती. वाटेत एक दिवस घरी राहावं म्हणून देवगाव फाट्यावर उतरली. खांद्याला कपड्यांची पिशवी, हातात थर्मास.

"काय हाय माय त्याच्यात?"

"चवळीचा रोग, आबा."

मी हसलो. ती हसली नाही.

चवळीची पानं चट्टेपट्टे पडून आकसतात, तो रोग मी दरसाल बघतो. हिनं तसली टोपलंभर पानं वाटून, गाळून त्यातून रोगच वेगळा काढला होता. करंगळीएवढ्या काचेच्या नळीत होता. दिसायला नुसतं पाणी. जेवताना तिनं सगळं सांगितलं. त्या रोगाचा एकेक कण म्हणजे पोकळ गोळा. वरचं कवच प्रथिनाचं, आत रोगाचा जीव. आतला जीव काढून टाकायचा आणि रिकाम्या कवचात लोखंडाचं पाणी मुरवायचं. लोखंड आतल्या आत घट्ट होतं, कवच भरलं की थांबतं. मग लोखंडाचे सगळे दाणे एका मापाचे, आणि इतके बारीक की केसाच्या रुंदीत हजारो मावतील.

"विटेचा साचा म्हण की," मी म्हणालो.

"तसंच. पण एवढा बारीक साचा माणसाच्या हातानं होत न्हाई, तो झाडातच मिळतो. आमचे सर करून बघायलेत. पुण्याला बारीक बघायची मोठी दुर्बीण हाय. कवच खरंच रिकामं झालंय का, ते तिच्याखाली बघायचंय."

"आन् झालं नसंल तर?"

"तर आत रोग हायच. पण पानाचा, आबा. माणसाला होत न्हाई तो."

साचा लाकडाचा असतो, पत्र्याचा असतो. रोगाचा साचा मी कधी ऐकला नव्हता. तरी मान खाली घालून जेवत राहिलो. शिकलेल्या लेकीपुढं आपण भितो, हे दाखवायचं नव्हतं.

दुपारी भांडी घासता घासता तिला हुडहुडी भरली. तीन गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे थांबेनात. मग अंग असं तापलं की हात ठेववेना. तिच्या आईनं कोनाड्यातल्या थर्मासकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"अवो, ते नेऊन उकिरड्यात गाडा. पोरगी खाल्ली त्यानं."

माझ्याही मनात तेच होतं. मी थर्मास उचलला. लेकीनं गोधडीतून हात काढून माझं धोतर धरलं.

"आबा, बर्फ वितळला असंल. गार ठेवा ती नळी. वर्षभराचं काम हाय माझं."

गावात फ्रिज एकच, दुकानदाराच्या घरी. आणि लाइट सकाळपासून गेलेली. उन्हाळ्यात आम्ही लोण्याचं गाडगं विहिरीत सोडतो, ते आठवलं. कडीचा पितळी डबा घेतला. थर्मास उघडून नळी दोन बोटांत धरली. फुटली तर? मी श्वास धरून ती चिंधीत गुंडाळली, डब्यात ठेवली आणि दोर लावून डबा विहिरीत सोडला, बूड तेवढं पाण्यात.

विहीर माझी, पण गावचं पाणी खारं म्हणून अर्धी आळी माझ्याच विहिरीवर प्यायचं पाणी भरायची. चुलतभावाच्या बायकोनं मला डबा सोडताना बघितलं. घटकाभरात चुलतभाऊ दारात, मागं आठ-दहा माणसं.

"दादा, हिरीत काय सोडलंस?"

औषध आहे म्हणालो असतो तर मिटलं असतं. पण स्वतःच्या दारात खोटं बोलायची मला सवय नाही.

"चवळीचा रोग हाय. बंद नळीत."

"आन् पोरगी कशानं पडली मग? चवळी खाऊन?"

मागचे हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीत, शेजारच्या गावात मी बघितलं होतं. आधी नुसती अफवा आली होती, आणि दिवस मावळायच्या आत दलित वस्तीवर धूर होता. पेटवणारी माणसं रोज रामराम घालणारीच होती. दारातल्या तोंडांवर मला तेच दिसायला लागलं.

"डबा काढ, न्हाईतर आमी काढतो," चुलतभाऊ म्हणाला.

"दोराला हात लावून बघ."

मी विहिरीवर गेलो. सगळे मागं आले. बादली टाकली, डब्याशेजारचंच पाणी ओढलं आणि ओंजळीनं प्यालो. मिशी पुसून म्हणालो, "गोड हाय. या."

कुणी आलं नाही.

"सकाळी उठलास तर आमी पाणी भरू," चुलतभाऊ म्हणाला. "न्हाई उठलास तर हीर बुजवू."

संध्याकाळी सेलूचा डॉक्टर फटफटीवर आला. तपासायला काचेवर रक्त घेतलं, पण डोळ्यांच्या पापण्या ओढून बघूनच म्हणाला, "हिवताप. घरोघर हाय." गोळ्या दिल्या. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, पानाचा रोग माणसात शिरतो का? तो म्हणाला, "पानाचं मला काय विचारता काका, मी माणसांचा डॉक्टर." त्याच्या या बोलण्यानं माझा जीव भांड्यात पडायचा तो अर्ध्यातच लटकला. अंथरुणावर मी पोट दाबून बघत राहिलो, दुखतंय का. दुखतंय असं वाटलं की दुखायचं.

दुसऱ्या दिवशी फटफटायला विहिरीवर गेलो. भावजय रिकामी घागर घेऊन लांबच उभी होती.

"उठलात का भावजी?"

"दिसतंय की."

मी डबा वर ओढला. नळी शाबूत होती. लेकीचा ताप उतरला होता, पण तिला उभं राहवत नव्हतं. पुण्यात कुठं उतरायचं, कुणाच्या हातात द्यायचं, ते तिनं माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. बायकोनं भाकरी बांधून दिल्या. सेलूत बर्फ घेऊन थर्मास भरला, नळी आत ठेवली आणि एसटीत बसलो. गाडी खड्ड्यात आदळली की शेजारचा म्हातारा माझ्यावर पडायचा. मी त्याला म्हणालो, "पावणं, जरा सरकून बसा," आणि झाकणावरचा हात काढला नाही.