'केप्ट इन व्ह्यू'चा अर्थ

२२ नोव्हेंबर १९५६, गुरुवार. थंडी वाढली. दुधात आज फार पाणी. श्रावण कोष्टी सरकारी पत्र घेऊन आला, वाचून दिले.

एवढं लिहून यमुताई थांबल्या. दुपार कलली होती. पत्र कुही गावाच्या बाजूच्या एका विणकाम वर्गाचं. श्रावणनं तिथं शिकवायच्या जागेसाठी अर्ज केला होता. इंग्रजी दोन ओळी, शेवटी 'केप्ट इन व्ह्यू'. नजरेसमोर ठेवला आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. श्रावणचा चेहरा असा उजळला की पुढचं त्यांनी गिळलं. 'कन्सिडर' असतं, तर कुणी कागद पुढ्यात घेऊन विचार करतोय म्हणता आलं असतं. 'व्ह्यू'मध्ये ठेवलेला अर्ज मात्र कपाटात जातो. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सुटी मागितली की सिस्टर हेच म्हणायची, आणि सुटी कधी मिळाली नाही.

तेवढ्यात श्रावणची बायको रुख्माबाई गूळखोबरं घेऊन आली. "तोंड गोड करा, बाई! हे तर कात्री घेऊन मागावर बसले. लकडगंजचा लाकूडवाला मागाचं लाकूड न्यायले येऊन राहिला."

कापड उतरलं तरी कोष्टी फणीतले धागे कापत नाही. नवा ताणा त्याच टोकांना गाठी मारून जोडतो. ते कापले की माग मोडलाच. यमुताई तशाच श्रावणच्या घरी निघाल्या.

"या बाई! आता मले मास्तर म्हना," श्रावण हसला.

"कात्री ठेव. ते पत्र नकाराचं आहे."

"सकाळी तर नजरेत हाय म्हनलं तुम्ही!"

"शब्द तेच आहेत. पण साहेब लोक नाही म्हणायचं तर असंच लिहितात. मला ठाऊक होतं."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"तुझं तोंड पाहून धीर झाला नाही."

कापलेले अर्धे धागे खाली लोंबत होते. रुख्माबाईनं कात्री ओढून घेतली. "उरले ते वाचले. लाकूडवाल्याले परत लावा जी. कापलेले ओवू आपण पुन्हा."

यमुताईही वाकल्या. चिमटीत धागा सापडेना.

"राहू द्या, बाई," श्रावण वर न बघता म्हणाला. "अन् पुढचं पत्र मी दुसऱ्याकडून वाचून घेईन."

घरी येऊन त्यांनी वही उघडली. सकाळी अर्धाच अर्थ सांगितला, हे नोंदवलं. त्याखाली लिहिलं: संध्याकाळी चूल पेटवली नाही. सकाळचे वरण गारच खाल्ले.