हिरव्या बोर्डाचे काका

काका आधी भिंतीचा वास घ्यायचे. पिशवी खाली ठेवायची, बाथरूमच्या भिंतीला नाक लावायचं आणि डोळे मिटायचे. नवीन माणसाला हसू यायचं. पण "इथे ओल आहे" असं ते म्हणाले, की तिथे ओल निघायचीच. मी तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका इंटिरियरच्या ऑफिसात साइट सुपरवायझर होते आणि काका आमचे जिप्सम बोर्डाच्या भिंती उभारणारे कारागीर. शहाडहून यायचे.

शॉवरभोवती ते फक्त हिरवा बोर्ड लावायचे, दमट जागेसाठीचा. साधा पांढरा बोर्ड पाणी पितो आणि फुगतो. हिरवासुद्धा ते जमिनीला टेकू देत नसत. खाली बोटभर फट ठेवायचे, कापलेली प्रत्येक कड सीलंटने बंद करायचे. मी घाई केली की म्हणायचे, "ताई, पाण्याला घाई नसते. ते वाट बघत बसतं."

बाळकुमच्या एका टॉवरमध्ये एका कुटुंबाने म्हाताऱ्या आजींसाठी त्यांच्या खोलीतच छोटं बाथरूम काढायला घेतलं होतं. काम संपवायचा दिवस जवळ आला, तरी हिरवा बोर्ड येईना. आमचे मालक फोनवर म्हणाले, पांढरा लावा, टाइल्सच्या मागे कोण बघतंय? काका हत्यारं खाली ठेवून बसून राहिले. त्यांना समजावायचं काम माझ्याकडे आलं. नोकरी नवी होती, मला ती टिकवायची होती.

"काका, लावा ना," मी म्हटलं. "काही झालं तर मी आहे."

त्यांनी बोर्ड लावला. त्या दिवशी डबा उघडला नाही.

वर्षभरात ती भिंत आतून भिजून लगदा झाली. अंघोळ करताना आजींनी आधाराचा दांडा धरला आणि तो टाइल्ससकट हातात आला. आजींचा खुबा मोडला.

त्या घरात, सगळ्यांसमोर, मालकांनी सांगितलं की कारागिराने न विचारता चुकीचा बोर्ड वापरला. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमध्ये काहीतरी शोधत राहिले. "लावला मीच," एवढंच ते बोलले.

त्यानंतर त्यांना कुणी कामावर बोलावलं नाही. मीही फोन केला नाही.

ती नोकरी सोडल्यावर, दोनेक वर्षांनी, मी शहाडला त्यांच्या चाळीत गेले. काकूंनी दार उघडलं. आत बुद्धाच्या तसबिरीशेजारी काकांचा फोटो होता, त्याला हार. छातीच्या दुखण्याने गेले, म्हणाल्या. आजी अंथरुणाला खिळल्यापासून काका दर रविवारी बाळकुमला जायचे. वर कुणी घेत नसे, म्हणून गेटवर वॉचमनला आजींची तब्येत विचारून परत यायचे. आजी गेल्याचं त्यानेच सांगितलं. मग काकांनी हत्यारांची पिशवी भंगारात देऊन टाकली.

काकूंनी चहा ठेवला. कप माझ्या हातात देत त्यांनी हळूच विचारलं, "ताई, तुम्ही होतात ना तिथे? आयुष्यभर नीट काम केलं यांनी. मग तेवढाच बोर्ड चुकीचा का लावला असेल हो? मी किती विचारलं, मला कधी सांगितलं नाही."

मी तेच सांगायला गेले होते.

"मालाची काहीतरी गडबड झाली असेल," मी म्हणाले.

काकूंना ते पटलं.