नेबिओलो आणि नंदाखालचे लोपीस

माझी बायको लुर्डस ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये एकोणीस वर्षं राबली. कंबरेनं दगा दिल्यावर तिने एका इटालियन वाइनच्या दुकानात अर्ज केला. शनिवारी ट्रायल होती. मालकीण इटलीतल्या पीडमाँट प्रांताची, आणि प्रश्न तिथल्याच वाइनवर विचारणार. जमलं नाही तर घर विकून ब्रिस्बेनला, स्प्रिंगफील्ड लेक्सला लेकीकडे जायचं ठरलं होतं. लेकीच्या घरी पाहुणी म्हणून म्हातारं व्हायला लुर्डस मुळीच तयार नव्हती.

आमच्याकडे नाताळची वाइन तिच्याच हातची. काळ्या द्राक्षांची केली तर द्राक्षाची वाइन, बिटाची केली तर बिटाची. इतकं सरळ नाव ठेवायला त्या इटालियनांचं काय जातं, कोण जाणे!

मी मोबाइलवर वाचून तिला शिकवायला बसलो. "बारोलो हे द्राक्ष ना?" तिने विचारलं.

"नाही, गाव. वाइनला नाव गावाचं. द्राक्ष नेबिओलो."

"आणि बार्बारेस्को?"

"तेही गाव. द्राक्ष तेच."

"मग बार्बेरा?"

"ते द्राक्ष."

"नोएल, तू माझी मस्करी करतोयस."

वर आणखी सरकारी दर्जे. डीओसी एक, डीओसीजी त्याहून कडक नियमांची. आणि तेच नेबिओलो कुठे ह्यात, कुठे त्यात. माझंच डोकं भणभणलं. शुक्रवारी मी खेकसलो, "अगं, वसईत लोपीस काय एका गावात आहेत? आपण नंदाखालचे, तुझी मावशी निर्मळच्या लोपीसांत दिलेली. आडनाव एक, गावं वेगळी!"

ती थबकली. "म्हणजे नेबिओलो लोपीस, आणि बारोलो नंदाखाल?"

शनिवारी मी दुकानाच्या दाराशी उभा होतो. बारोलो तीन वर्षांहून जास्त मुरवतात, बार्बारेस्को दोन वर्षांहून जास्त, सगळं तिने धडाधड सांगितलं. मग मालकिणीने एक ऑस्ट्रेलियन बाटली पुढे ठेवली. लेबलवर नुसतं 'नेबिओलो'.

"सेम ग्रेप. मग व्हाय नॉट बारोलो?"

लुर्डस गोंधळली. बाटलीकडे बघत ती हळूच म्हणाली, "इट लेफ्ट द व्हिलेज."

"सो डिड आय," मालकीण म्हणाली, आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

मला वाटलं, गाडीत ही आनंदाने माझे कान खाईल. पण सिग्नलला ती म्हणाली, "नोएल, मग आपण आता नुसतेच लोपीस?"

आठवडाभर हिला शिकवणारा मी. आणि आता मलाच रडू आलं. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला तेव्हा कुठे सिग्नल हिरवा झालेला दिसला.