वाळ्यांसकट वजन

माझं तोंड फटकळ आहे, केडगावच्या आसपास कुणालाही विचारा. पोराला चहा-बिस्किटावर ठेवणाऱ्या आईला मी, अंगणवाडीची बाई, दारातच झाडायची. पण जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा गप्प बसले, आणि ते आजतागायत सलतंय.

गुऱ्हाळावर चिपाडं वाळवणाऱ्या एका बाईची दीड वर्षाची मुलगी. आई पहाटेच कामावर जायची, पोर सासूपाशी. काटक्यांसारखे पाय, त्यात चांदीचे जाड वाळे, अंगात लोकरी स्वेटर. वजनाच्या दिवशी मी सगळं उतरवायला सांगितलं तर आजी हटून बसली. उघड्या लेकराचं वजन केलं की दृष्ट लागते, वाळे तर काढायचेच नाहीत, असं तिचं म्हणणं. एरवी मी ऐकून घेतलं नसतं. त्या दिवशी दारात रांग, मोबाईलवर माहिती भरायची राहिलेली. म्हटलं, जाऊ दे बाई. तशीच काट्याच्या झोळीत घातली. वजन तक्त्यावरच्या कुपोषणाच्या लाल रेघेच्या जरासं वर भरलं. लाल भरलं असतं तर तिला डॉक्टरांकडे पाठवलं असतं, रोजचा जादा आहार सुरू झाला असता. हिला काहीच नाही. पुढे चार महिने मी तिला तशीच तोलत राहिले.

मग तिला जुलाब लागले, ते थांबेनात. दवाखान्यात नर्सने आधी स्वेटर उतरवला, वाळे काढून आईच्या हातात दिले आणि मग वजन केलं. भरलं ते लाल रेघेच्या कितीतरी खाली. मी शेजारीच उभी होते. वाळ्यांनी मला फसवलं म्हणावं तर तेही खोटं. ते पाय मला दर वजनाला दिसत होते.

पोर वाचली, देवाची कृपा. पण वाढायचे दिवस गेले ते गेलेच. आता ती पहिलीत आहे. प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांत पुढे उभी असते, गणवेशाची अर्धी बाही कोपराच्या खाली येते. परवा तिची आई शाळेच्या फाटकाशी भेटली. माझा हात धरून म्हणाली, "बाई, आमच्यात समदी बारकीच असत्यात. तुमी व्हता म्हणून जगली तरी."

तिचा नवरा एवढा उंच, की अंगणवाडीत येतो तो दारातून वाकून. मी कितीदा पाहिलंय.

"व्हय," मी म्हणाले.