कोल्हापूरच्या गाडीतून उतरलेल्या दोघी

अणुस्कुरा घाट उतरून कोल्हापूरची एसटी राजापूरला पोहोचली तेव्हा अकरा वाजले होते. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदाच एकटी निघाले होते. गावाबाहेर एका घरगुती मुक्कामात तीन दिवस राहायचं ठरलं होतं. न्यायला माणूस पाठवतो, असं मालक म्हणाले होते.

स्टँडवर पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ पुढे आले. "कोल्हापूरच्या ना? एकट्याच?" मी हो म्हणताच त्यांनी माझी बॅग उचलली. "बेगीन (लवकर) चला. सगळी वाट बघतायत."

रिक्षा सड्यावरून (जांभ्याच्या माळावरून) धडधडत एका कौलारू घरापाशी थांबली. ओटीवर आठ माणसं ओळीनं बसलेली. पाहुणचाराची इथली रीतच असेल, असं मला वाटलं. घावनं (तांदळाची पातळ धिरडी) आणि नारळाचा गोड रस आला. मी तीन खाल्ली. मग साडी नेसलेली एक मुलगी चहा घेऊन आली.

"ही आमची सुप्रिया," टोपीवाले, म्हणजे तिचे वडील, म्हणाले. "काय विचारायचं ते विचारा."

"अंघोळीला गरम पाणी कधी मिळतं?" मी विचारलं.

"कधीही," ती म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा प्रश्न त्यांना फार खोल वाटला असावा.

"मुलाच्या आत्यांचा शब्द शेवटचा," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अहो, मी आत्या नाही."

"आत्या काय नि आई काय, एकच," सुप्रियाची आई हसली आणि चौथं घावन वाढलं.

मी बाजूला जाऊन मुक्कामाच्या मालकांना फोन लावला. ते म्हणाले, "कोल्हापूरच्या मॅडम तर कधीच आल्या. बांगडा खाऊन झोपल्यात."

बाग दाखवायच्या निमित्तानं सुप्रियानं मला मागच्या शेडमध्ये नेलं. सहा बायका काजू सोलत होत्या. हा उद्योग तिनं स्वतः उभा केला होता.

"आत्या, तुम्ही मला नापसंत करा," ती हळूच म्हणाली. "मुलगा वाईट नाही. पण लग्न झालं की डोंबिवलीला जावं लागेल. मला नाही जायचं."

मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, "मग तर बरंच आहे. तुम्हाला कशाची भीती?"

भीती होती. माझ्या वेळी चहाचा ट्रे घेऊन मी अशीच उभी होते आणि पुढची सत्तावीस वर्षं हॉटेलात माझी भाजीसुद्धा दुसऱ्यांनी ठरवली होती.

ओटीवर आल्यावर वडिलांनी विचारलं, "मग, पसंत?"

"मी मुलाची आत्या नाही. चुकून आले," मी म्हटलं. "पण आलेच आहे तर सांगते. मुलगा पसंत आहे का, ते तिला विचारा."

सुप्रियाची आईच म्हणाली, "आत्या नसतील, पण बरोबर बोलल्या."

"नाही," सुप्रिया म्हणाली. "मला इथंच राहायचंय."

वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आधी बोलायचंस ना. मी तांदूळ तरी कमी भिजवायला लावले असते." एवढं म्हणून ते रिक्षा बघायला उठले.

मुक्कामाच्या जागी खऱ्या आत्याबाई माझ्या खोलीसमोर झोपाळ्यावर पाय पसरून बसल्या होत्या.

"मुलीचं काय?"

"नाही म्हणाली."

"सुटले," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या पोराचं प्रेम दुसरीकडेच आहे. तो मला सांगायला घाबरतो, मी त्याच्या बापाला. तुम्ही सगळं निस्तरलंत. आज इथं सुरमई आहे म्हणे. राहू का?"

त्या तिन्ही दिवस राहिल्या. शेवटच्या सकाळी आंबोळगडच्या समुद्रात आम्ही दोघी कपड्यांसकट बसलो आणि भाचा, नवरा, मुलं यातलं कुणाचंही नाव न घेता तासभर बोललो. काय बोललो ते आठवत नाही, फक्त खूप हसलो.

घरी आले तेव्हा नवऱ्यानं विचारलं, "काय पाहिलंस कोकणात?"

"एक मुलगी पाहिली."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं, आणि ओले कपडे दोरीवर टाकायला गच्चीत गेले.