लाल टिपक्याची ताटली

मनोज गेल्याची बातमी मी दोनदा कापली. दुपारी लाल भाजी निवडत बसले होते. अनोळखी नंबरावरून फोन आला आणि पलीकडून कुणीतरी भराभर तेलुगूत बोलायला लागलं. ‘रॉंग नंबर’ म्हणून मी ठेवून दिला. पुन्हा तोच नंबर आला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा एक मुलगी हिंदीत बोलली, विशाखापट्टणमच्या एका हॉस्पिटलमधली नर्स. “आप वहिनी बोल रही हैं ना? इनके फोन में यही नाम लिखा है…” माझा धाकटा दीर, वय चव्वेचाळीस, डेंग्यूने चार दिवसांत गेला. ज्याचे हात आयुष्यभर शार्कच्या तोंडाशी खेळले, त्याला नेलं कोणी, तर डासाने. पण मी लिहायला बसले आहे ते त्यासाठी नाही. असे तेलुगू फोन कापायची माझी ती पहिली वेळ नव्हती, म्हणून बसले आहे.

तेरवीनंतरच्या रविवारी रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या एका सभागृहात शोकसभा झाली. व्यासपीठामागे भलंमोठं फ्लेक्स लावलं होतं, त्यावर मनोजचा फोटो आणि शेजारी जबडा वासलेला राक्षसी शार्क. तो कुठून तरी इंटरनेटवरून उचललेला. मनोजचे शार्क हातभर, फार तर माणसाएवढे, आणि माणसाला पाहून पळणारे. ते चित्र काढा म्हणून मी सांगितलं, तर एक कार्यकर्ता म्हणाला, वहिनी, त्याने इम्पॅक्ट येतो. मग आमच्या नात्यातले एक काका वीस मिनिटं बोलले. ‘सागरपुत्र’ हा शब्द त्यांनी चारदा वापरला. याच काकांनी एका लग्नाच्या पंगतीत मनोजशेजारून आपला पाट उचलला होता. मासेच पकडायचे होते तर पीएचडी कशाला केली, असं सगळ्यांदेखत विचारलं होतं. पोरीचं स्थळ घेऊन आलेल्या आणि ‘मुलाच्या अंगाला वास येतो’ म्हणून परत गेलेल्या बाईंनी डोळ्याला पदर लावला, नंतर दोन समोसे खाल्ले. मेल्याचे डोळे पसाएवढे म्हणतात ना, तसलाच प्रकार. मला त्या सगळ्यांची शिसारी आली. आणि मग माइकवर माझं नाव पुकारलं, ‘मातेसमान वहिनी दोन शब्द बोलतील’… तेव्हा ती शिसारी माझ्यावरच उलटली. घसा बसलाय म्हणून मी खाली मान घालून बसून राहिले.

लग्न होऊन मी नागपूरहून रायपूरला आले तेव्हा मनोज नऊ वर्षांचा होता. सासूबाई आजारी, हे रेल्वेत, ड्यूटीवर कायम बाहेर. त्यामुळे मनोजचं डबा-दप्तर माझ्याकडे आलं. पोट्टा शाळेतून सरळ घरी येईल तर शपथ. बूढ़ा तालाबाच्या काठी बसायचा आणि माझ्या लोणच्याच्या बरणीत मासे भरून आणायचा. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी ती बरणी चिमट्याने धरून फेकून दिली होती. तो रडला नाही, फक्त विचारलं, “वहिनी, त्याईले काहून फेकलं? ते काही करून राहिले होते का तुम्हाले?” समुद्र इथून रात्रभराच्या रेल्वेवर. तरी या पोराने समुद्रच धरला. मुंबईकडे शिकला, विशाखापट्टणमला एका संशोधन केंद्रात लागला, आणि शार्क पकडून, त्यांना खूणपट्टी टोचून पुन्हा सोडून देण्याचं काम करायला लागला. पकडायचं आणि सोडायचं… सासऱ्यांना शेवटपर्यंत या नोकरीचा अर्थ लागला नाही.

वर्षातून दोनदा तो आमच्या तेलीबांध्याच्या फ्लॅटवर यायचा. दार उघडल्याबरोबर मी नाकाला पदर लावायचे. बॅग बाल्कनीत, चपला बाल्कनीत, आधी आंघोळ, मग आत. एवढ्यावर माझं समाधान नव्हतं. त्याची ताटली आणि पेला मी वेगळा काढला होता. चुकून आमच्यात मिसळू नये म्हणून दोन्हींच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा टिपका लावला होता. वाटलं, त्याच्या लक्षात येणार नाही. एकदा जेवण झाल्यावर त्याने ताटली उलटी करून पाहिली आणि खदाखदा हसला. “वाह वहिनी, तुम्ही त मलेच टॅग करून टाकलं!” हेही हसले. मीही हसले.

पाच वर्षांपूर्वी त्याने आग्रहाने आम्हा दोघांना त्याच्याकडे बोलावलं आणि एक दिवस बोटीवर नेलं. मी गेले कशी, देव जाणे. पहाटे निघालो. किनारा दिसेनासा झाल्यावर त्याच्या माणसांनी सडके बांगडे चिरून एकेका गळाला लावले आणि मैलभर दोरी पाण्यात सोडली. बादलीत रक्त, पाण्यावर तवंग, हवेला तो वास. मी सकाळभर बोटीच्या काठावरून ओकत होते. दोन तासांनी दोरी ओढायला लागले तसा मनोज वेगळाच झाला. मोठ्याने बोलणं बंद. चार फुटांचा एक शार्क वर आला, तो त्याने बोटीला लावलेल्या ओल्या झोळीत उताणा केला, तशी ती तडफडणारी मासळी निपचित पडली. कुणी तिच्या कल्ल्यांवर पाणी धरलं, कुणी टेप लावून लांबी सांगितली. पाठीवरच्या पंखाच्या बुडाशी त्याने दोन बोटांएवढी पिवळी पट्टी टोचली. मग माझा हात ओढून तिच्या अंगावरून फिरवला. डोक्याकडून शेपटीकडे गुळगुळीत, उलट फिरवला तर किसणी. मी हात झटकला आणि पुन्हा ओकले. तोवर त्याने तिला सुलट करून पाण्यात धरली होती, पाळण्यातल्या पोराला झुलवतात तशी, आणि ती गेली.

परत धक्क्यावर उतरलो. तिथे फडक्यावर एक ढीग होता, बोटभर लांबीच्या शार्कचा. गाभण माद्या चिरून काढलेली पिल्लं, कोंबड्यांच्या खाद्यासाठी विकायला ठेवलेली. तिथे मात्र मनोजने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. मी चिडवलं, आता कसा वास आला साहेबांना? तो म्हणाला, “मले वासाची किळस नाही येत वहिनी. याची येते.”

त्याच संध्याकाळी त्याने मला ती पिवळी पट्टी दाखवली. तिच्यावर एक क्रमांक आणि एक फोन नंबर होता, माझा. पट्टीवर एकच नंबर मावतो, तो स्वतः समुद्रात रेंजबाहेर, ऑफिसात कुणी फोन उचलत नाही. टॅग लावलेला शार्क कुण्या मच्छीमाराच्या जाळ्यात सापडला की तो या नंबरवर कळवणार. मग कळणार की शार्क कुठवर गेला, किती वाढला, जगला की नाही. “तुम्ही घरीच राहता, फोन उचलता. तेलुगूत बोललं कोणी त कापू नका, समोरच्या पद्मा दीदीले द्या.” पद्मा दीदी आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या, मूळच्या आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या. मी हव म्हटलं. न विचारता माझा नंबर माशांच्या पाठीवर चिकटवला म्हणून मनातून मात्र धुमसत होते.

पहिला फोन आला तेव्हा मी देवपूजेला बसले होते. एक माणूस ओरडून बोलत होता, मागे धक्क्याचा गलका. खोटं नाही सांगत, मला फोनमधून तो वास आला. मी ‘रॉंग नंबर’ म्हटलं आणि नंबर ब्लॉक केला. दुसऱ्यांदा पाहुणे होते. तिसऱ्यांदा काहीच कारण नव्हतं… तीन वर्षांत असे पाच फोन मी कापले, पाचही नंबर ब्लॉक केले. दर रविवारी मनोज फोन करून विचारायचा, “वहिनी, कोणाचा फोन आला होता का?” आणि मी म्हणायचे, “नाही रे.”

दोन वर्षांपूर्वी तो दिवाळीला आला होता. त्याच लाल टिपक्याच्या ताटलीत जेवता जेवता म्हणाला, की त्याने टॅग लावणं बंद केलंय, आता ऑफिसातच बसतो. ह्यांनी कारण विचारलं. “एवढ्या सोडल्या दादा, एकीचाही फोन नाही. मले वाटते, माह्या टोचण्यानंच मरून राहिल्या त्या.” त्याचा घास हातातच होता. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. पाच फोन कसे कबूल करायचे? मी त्याला आणखी भात वाढला आणि त्यावर तूप घातलं.

हे मी सभेत बोलू शकले नाही. काकांचा ढोंगीपणा सांगायला मला तोंड नाही. त्यांनी पाट उचलला, मी ताटलीला टिपका लावला, आणि वर मनोजला स्वतःच्या हाताची किळस यावी अशी व्यवस्था केली.

मागच्या आठवड्यात त्याचं सामान आलं. खोकं मी घरात, दिवाणखान्यात उघडलं. आत कपडे, चष्मा आणि त्याची टॅगची वही होती. वास होताच. मी नाक झाकलं नाही. ब्लॉक केलेले नंबर काढले आणि पद्मा दीदींकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी फोन हातात घेतला. तीन नंबर बंद होते, चौथ्याने उचललाच नाही. पाचवा उचलला. पद्मा दीदी बोलत गेल्या, मला सांगत गेल्या. काकीनाड्याकडचा मच्छीमार. म्हणाला, तीन वर्षांपूर्वी फोन केला होता, बाईंनी कापला. पट्टी अजून बोटीच्या किल्लीला बांधलेली आहे. त्याने क्रमांक वाचला, मी वहीत शोधला. मनोजच्या बारीक अक्षरात : मादी, हातभर, सोडताना सुस्त, काळजी वाटते. मी पद्मा दीदींना विचारायला सांगितलं, सापडली तेव्हा केवढी होती? तो माणूस म्हणाला, माझ्या छातीपर्यंत. चांगली धष्टपुष्ट. जाळं फाडलं तिने.

त्याच ओळीपुढे मी ते लिहून घेतलं. केंद्रात कळवलं, तर तिथला साहेब म्हणाला, ते काम तर केव्हाच बंद झालं, मॅडम. ठीक आहे. वही फोनपाशी ठेवली आहे, पेन दोऱ्याने बांधून. लाल टिपका मी पुसणार होते, पण पुसला नाही. त्या ताटलीत आता मी जेवते. आणि रविवार आला की त्याच्या फोनच्या वेळेला मी वही उघडून बसते. हो रे मनोज, आला होता फोन. जगली होती ती.