अ‍ॅक्सेस डिनाइड, मुक्काम वर्तकनगर

देवाशपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे... एकच किस्सा दहा वेळा सांगितला की त्याच्या अंगावर थोडं मांस चढतंच. आणि आमच्या ऑफिसात किस्से असे साठायचे की टेबलांवर फायलींना जागा नसायची!

नव्वदीच्या उत्तरार्धातली गोष्ट. वर्तकनगरला आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी. दामले साहेब मालक, मंगलताई सीनियर, भोईर सर्व्हर सांभाळणारा आणि मी प्रोबेशनवरचा प्रोग्रॅमर. शहाडच्या एका कारखान्याचं हजेरीचं सॉफ्टवेअर करत होतो. सगळा कोड, जुन्या-नव्या आवृत्त्यांसकट, सर्व्हरच्या एफ ड्राइव्हवर.

साहेबांनी मला बजावलेलं, "दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी डेमो. चालला तर तुम्ही पर्मनंट. नाहीतर डोंबिवलीला घरी बसा!"

आणि एफ ड्राइव्ह उघडायला जावं तर स्क्रीनवर एकच पाटी: अ‍ॅक्सेस डिनाइड!

*

भोईर बाळकुमचा. घराच्या फाटकाला दोन कुलपं लावणारा माणूस. कोणी कोड बिघडवू नये म्हणून त्याने एका सकाळी सगळ्यांना फक्त वाचायची परवानगी ठेवली. झालं! कोणाला वाचताही येईना.

"वाचाला दिलंय ना तुमाला? मग वाचा!"

म्हटलं, "अरे, कोणी काय उघडलं याची नोंद कोड सांभाळणारं सॉफ्टवेअर एका फाइलीत करतं. लायब्ररीत रजिस्टरवर सही केल्याशिवाय पुस्तक देतात का? तू पेनच काढून घेतलंस रे!"

भोईरने परवानगी परत दिली. ऑफिस पाच मिनिटांत चालू! वर मलाच म्हणतो, "आदी सांगाचा ना!"

*

एकाने फाइल दुरुस्तीला घेतली की ती परत करेपर्यंत बाकीच्यांना बंद. नवरात्रात मंगलताई मेन फाइल स्वतःच्या नावावर ठेवून टेंभी नाक्याला दर्शनाला गेल्या. मी धावत गेलो, त्यांना रांगेत गाठलं.

"ताई, फाइल!"

"अरे, आता रांग सोडू? पासवर्ड सांगते. पण हसायचं नाही."

परत येऊन टाइप केला. 'खडूस दामले'! खांद्यावरून साहेब बघत होते. बरं झालं, पासवर्डच्या जागी स्क्रीनवर नुसते तारेच दिसतात!

*

डेमोच्या आधीचा मंगळवार. साहेबांचा हुकूम सुटला, "मी मालक आहे. सर्व्हरवर माणसांच्या जेवढ्या याद्या असतील, त्या सगळ्यांत माझं नाव पाहिजे!" भोईरने घातलं.

शुक्रवारी कारखान्याचे अधिकारी समोर बसले. साहेबांनी ऐटीत स्वतःच्या मशीनवर एफ ड्राइव्ह उघडायला घेतला.

अ‍ॅक्सेस डिनाइड!

अधिकारी घड्याळ बघू लागले. साहेब माझ्याकडे बघू लागले. मला डोंबिवलीचं घर दिसू लागलं.

मी सर्व्हरवर गेलो, एकेक यादी उघडली. प्रोग्रॅमरांत साहेब होते, टेस्टिंगमध्ये होते. शेवटची यादी होती 'सोडून गेलेले', म्हणजे ज्यांना सगळं बंद. आणि सर्व्हरचा कायदा असा, की दहा याद्या हो म्हणाल्या आणि एक नाही म्हणाली, तर नाहीच!

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "साहेब, मंगळवारपासून तुम्ही नोकरी सोडलीय!"

मग सगळ्यात मोठ्याने हसले ते कारखान्याचे अधिकारी. भोईर ओरडतोय, "मना काय म्हाईत? मी नाय टाकलं!" त्याचं ऐकतो कोण!

नाव काढलं, साहेबांना परत लॉगिन करायला लावलं. एफ ड्राइव्ह उघडला, डेमो लोण्यासारखा चालला. टाळ्या पडल्या! संध्याकाळी माझ्या हातात पर्मनंटचं पत्र.

टाळ्या खऱ्या, पत्र खरं. बनवलेलं एवढंच, की साहेबांचं नाव भोईरने घातलं. भोईर त्या मंगळवारी रजेवर होता. त्याच्या खुर्चीवर मी होतो.